अंगणातून दिसलेला डाग

मैत्रिणींनो, ग्रहांचे फोटो काढणं हे वेधशाळेचंच काम, असं वाटतं ना? १९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियातले अँथनी वेस्ली घरच्या अंगणातल्या दुर्बिणीतून गुरूचे फोटो घेत होते. दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग! दोन रात्रींपूर्वी तिथं काहीच नव्हतं. त्यांनी लगेच कळवलं आणि हवाईतल्या नासाच्या दुर्बिणीनं खात्री केली: गुरूवर काहीतरी आदळलं होतं.

हवेमुळे ग्रह थरथरतो, म्हणून व्हिडिओ घ्यायचा. तांदूळ निवडावेत तशी त्यातली स्थिर चित्रं निवडून संगणकावर एकावर एक रचायची. निवडण्यात आपला हात कोण धरणार? अडचण वेगळीच, रात्री अंगणात एकट्या बाईला उभं कोण राहू देतं? सासूबाईंनाच सोबत न्या. गुरूचे चार चंद्र त्यांनाही बघू द्या.