रेलून चालवावयाच्या सायकलीस नवी क्रँक बसविणें

सायकल ही आपल्या इतक्या परिचयाची वस्तु आहे कीं, तिच्या अंतरंगांत डोकावण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. परंतु तिची नेहमींची मांडणी थोडी पालटली म्हणजे प्रत्येक भागाचें प्रयोजन नव्यानें ध्यानांत येतें. पाठ टेकून व पाय समोर पसरून जी सायकल चालवितात, तिला ‘रिकंबंट’ असें म्हणतात. तिचीं पायडलें स्वाराच्या खालीं नसून पुढें, पुष्कळदां पुढील चाकाच्याही पुढें असतात.

फ्रान्समधील शार्ल मोशे यानें बनविलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर यानें ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर आक्रमिलें, व ऑस्कर एग याचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरांचा उच्चांक मोडला. फोर हा कांहीं पहिल्या प्रतीचा स्वार नव्हता. म्हणून श्रेय यंत्रास कीं माणसास, हा वाद उत्पन्न झाला. पुढें १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें शर्यतीच्या सायकलीची व्याख्या केली, व बैठक आणि क्रँकचा आंस यांमधील अंतराला मर्यादा घातली. त्या मर्यादेंत ही सायकल बसेना. जो भाग तिच्या बहिष्कारास कारण झाला, तोच कसा बसवावा हें आतां पाहूं.

या सायकलीच्या पुढील नळीच्या टोकास एक आडवें नळकांडें असतें. इंग्रजी पद्धतीचें असल्यास तें बहुधा ६८ मिलिमीटर रुंद असतें. त्याच्या दोन्ही तोंडांशीं आट्यांचे कप, आंत छरे, व मधून आंस. या सर्वांस मिळून बॉटम ब्रॅकेट म्हणतात. हल्लीं हें सर्व एकाच बंद नगाच्या रूपानेंही मिळतें. आंसाच्या चौकोनी टोकांवर दोन क्रँका बसतात, व उजव्या क्रँकेस दांतेरी चक्र असतें.

जुनी क्रँक काढतांना प्रथम तिचा बोल्ट व वायसर हीं दोन्ही काढावीं. नंतर क्रँक ओढण्याचें हत्यार तिच्या आट्यांत पूर्णपणें फिरवून मगच जोर लावावा. हातोड्याचे घाव घालूं नयेत. त्यांनीं छऱ्यांना इजा होते.

आतां कप कोणत्या दिशेस फिरवावा, हा मुख्य प्रश्न. इंग्रजी पद्धतींत डाव्या कपास नेहमींचे उजवे आटे असतात, परंतु उजव्या कपास डावे आटे असतात. म्हणजे उजवा कप घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरविला असतां घट्ट होतो. असें कां? एक पेन्सिल मुठींत सैल धरावी, तिला कागदाचें निशाण चिकटवावें, व तिचें वरचें टोक दुसऱ्या हातानें गोल फिरवावें. पेन्सिल स्वतःभोंवतीं उलट दिशेनें फिरूं लागते! भार गोल फिरत असला म्हणजे किंचित् सैल असलेल्या भागाची गति अशीच उलटी होते. या गतीनें कप सुटूं नये म्हणून उजवीकडे डावे आटे पाडतात. इटालियन पद्धतींत मात्र दोन्हीकडे उजवेच आटे असतात. म्हणून पाना लावण्यापूर्वीं पद्धति ओळखावी.

पायडलें पुढें गेलीं म्हणून हा नियम बदलत नाहीं. कारण क्रँक येथेंही चाकांच्याच दिशेनें फिरते. मात्र काम करणारा यंत्रासमोर तोंड करून उभा राहतो, व स्वाराची उजवी बाजू त्याच्या डाव्या हातास येते. येथेंच घोटाळा होतो. उजवी ती स्वाराची उजवी, हें पक्कें लक्षांत ठेवावें. आटे पुसून वंगण लावावें, व प्रथमचे फेरे बोटांनींच द्यावेत. तिरपा शिरलेला कप पान्यानें दामटला तर नळकांड्याचे आटे कापले जाऊन सांगाडाच निकामी होण्याचा संभव असतो.

पुढील नळी गोल असल्यास ती कप आवळतांना स्वतःभोंवतीं फिरूं शकते. म्हणून समोरून पाहून आंस जमिनीशीं समांतर आहे याची खात्री करावी, व मगच नळीची पकड आवळावी.

नवी क्रँक १० मिलिमीटर आंखूड असेल, तर पाय पूर्वींइतकाच लांबण्यासाठीं नळी सुमारें तेवढीच पुढें सरकवावी लागते. सांखळी वरून जाते व खालून परत येते. यास्तव नळी एक इंच पुढें गेली कीं सांखळी सुमारें दोन इंच, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चार कड्या, वाढवावी लागते.

शेवटीं क्रँकेचा बोल्ट चांगला आवळावा, व पहिल्या फेरीनंतर तो पुन्हां तपासावा. सैल क्रँकेवर स्वारी केल्यास तिचें चौकोनी भोंक झिजून ती कायमची निरुपयोगी होते. शिवाय या सायकलीवर पाय अकस्मात् पायडलावरून निसटून जमिनीस टेकला, तर सायकल पुढें धांवते व पाय मागें ओढला जाऊन मोडण्याची भीति असते.

वेग सर्वांच्या दृष्टीस पडतो. आटे कोणासच दिसत नाहींत. तथापि स्वाराची सुरक्षितता त्या न दिसणाऱ्या आट्यांवर अवलंबून असते. जेथें पाहणारा कोणी नाहीं, तेथेंही काम चोख करणें हेंच खऱ्या कारागिराचें, आणि खऱ्या विद्यार्थ्याचेंही, लक्षण होय.