बर्फावरची मांड

पुणे-सातारा महामार्गावरच्या वरवे बुद्रुकला बर्फ दिसतो तो रसवंतीत. पण राजगड-तोरण्याच्या या मुलखात ‘मांड’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. स्वार मांड्यांनी घोडा आवळून धरतो, ती मांड. आता कमरेखालचं अंगच हलत नसेल, आणि घोड्याऐवजी खाली बर्फाचा उतार असेल तर?

तर मांड बनवून घ्यावी लागते. बसून स्कीइंग करणाऱ्याच्या साधनाला मोनोस्की म्हणतात. शरीराच्या मापाने घडवलेली खोलगट बैठक, तिच्याखाली मोटरसायकलला असतो तसा शॉकअब्सॉर्बर आणि सगळ्यात खाली एकच पट्टी. खेळाडूला बंदांनी बैठकीत करकचून बांधतात. बैठक बोटभर सैल राहिली तरी अंगाचा झोक पट्टीपर्यंत पोचत नाही आणि वळण हुकतं. दोन्ही हातांत कुबड्या असतात, त्यांच्या टोकांना छोट्या स्की. तोल आणि वळण दोन्ही त्यांच्यावर. उतरण्याच्या शर्यतीत वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. आपल्या कात्रजच्या घाटात एवढ्या वेगाने गाडी हाकणाऱ्याला आपण शिव्या घालतो!

पोटाचे स्नायू कुणाचे चालतात, कुणाचे नाही. म्हणून बसणाऱ्यांचे एलडब्ल्यू १० ते १२ असे गट आहेत. घड्याळातल्या वेळेला गटाच्या गुणकाने गुणतात. गुणक ०.८ धरला, तर ६० सेकंदांचे ४८ होतात. त्यामुळे आधी खाली पोचलेला जिंकलाच असं नसतं. हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमध्ये सुरू झालं, पण बसून स्कीइंग करणाऱ्यांच्या शर्यती त्यात आल्या १९८८ला, इन्सब्रुकमध्ये.

या खेळातली कारकीर्द कशी असते, ते जपानच्या मोमोका मुराओकाकडे पाहावं. चौथ्या वर्षी मज्जारज्जूच्या आजाराने तिचे पाय गेले. २०१८च्या प्योंगचांगमध्ये तिने एका सुवर्णासह पाच पदकं मिळवली. मग ही बाई चक्क धावपट्टीवर उतरली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१मध्ये टोकियोत व्हीलचेअरवर १०० मीटरची शर्यत, आणि मार्च २०२२मध्ये बीजिंगच्या बर्फावर तीन सुवर्णं, एक रौप्य. मधे जेमतेम सहा महिने.

तिच्या खेळातल्या नागमोडी शर्यतीला ‘स्लालम’ म्हणतात. शब्द नॉर्वेचा. पण एका मराठी माणसाने ही शर्यत बर्फाविना खेळलेली आहे. मुरलीकांत पेटकर, सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात अडकली. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण घेऊन आले. त्याच स्पर्धेत व्हीलचेअरवरून स्लालमच्या अंतिम फेरीतही पोचले होते. पद्मश्री मिळाली २०१८ला, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडायला जानेवारी २०२५ उजाडला.

बर्फ नाही ही सबब महाराष्ट्राला चालेल, देशाला नाही; गुलमर्ग आपलंच आहे. तरीही २०२२पर्यंतच्या एकाही हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये भारताचा खेळाडू उतरलेला नाही.