उद्‌भासन-संयोग व एकेरी कच्ची प्रतिमा

एकाच दृश्याची कमीअधिक काळ उद्‌भासन (संवेदकावर प्रकाश पडू देण्याची क्रिया) देऊन घेतलेली दोन वा अधिक छायाचित्रे एकत्र करून, अतितेजस्वी व अतिअंधाऱ्या अशा दोन्ही भागांतील तपशील असलेली एक प्रतिमा बनविण्याच्या पद्धतीस उद्‌भासन-संयोग म्हणतात. व्यवहारात ती एचडीआर या आद्याक्षरांनी ओळखली जाते. कच्ची किंवा रॉ प्रतिमा म्हणजे अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकाने केलेली, छटा व रंग यांचे संस्कार न झालेली नोंद. चित्रसंपादनासाठी एकच कच्ची प्रतिमा पुरेशी आहे की अनेकींचा संयोग करावयास हवा, हा निर्णय दृश्याच्या दीप्ती-पल्ल्यावर म्हणजे त्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत अंधाऱ्या तपशीलांच्या दीप्तींच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. दृश्य किती अंधारे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा होते.

पल्ला ‘स्टॉप’ या एककात मोजतात. एक स्टॉप म्हणजे दीप्तीची दुप्पट. म्हणून दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट. चांगल्या आधुनिक संवेदकाचा पल्ला त्याच्या किमान संवेदनशीलतेस सु. १४ स्टॉप असतो. मात्र त्याच्या तळाचे दोनतीन स्टॉप गोंगाटाने (प्रतिमेतील दाणेदारपणाने) ग्रासलेले असल्याने विश्वासाने वापरता येणारा पल्ला ११–१२ स्टॉप धरणे बरे. संवेदनशीलता वाढविल्यास साधारणतः प्रत्येक दुपटीस जवळजवळ एक स्टॉप कमी होतो.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीन या गावाच्या परिसरातील दोन दृश्ये उदाहरणादाखल घेता येतील. पहिले भर उन्हातील कापसाचे शेत. पिकाची बोंडे, पाने व माती यांच्या परावर्तनक्षमतेतील फरक सु. ५ स्टॉप (३ ते ९० टक्के) आणि बांधावरील बाभळीच्या सावलीत प्रकाश उन्हाच्या एक-अष्टमांश धरल्यास आणखी ३ स्टॉप, एकूण ८. एक कच्ची प्रतिमा येथे पुरून उरते. दुसरे दृश्य माळवदाच्या घराच्या आतून, उघड्या दारातून दिसणाऱ्या अंगणासह घेतलेले. अंगणात १ लक्ष लक्स प्रकाश आणि आतल्या खोलीत १०० लक्स असेल, तर हाच फरक १० स्टॉपचा होतो. त्यात वस्तूंच्या परावर्तनाचे ५ स्टॉप मिळविले की बेरीज १५ वर जाते. कोणत्याही एका उद्‌भासनात ते मावत नाही. येथे संयोग आवश्यक ठरतो.

एकेरी प्रतिमा घेताना उद्‌भासन तेजस्वी भागांना अनुसरून ठरवावे लागते. संवेदकाचा प्रतिसाद प्रकाशाच्या सम प्रमाणात वाढतो व संपृक्ततेला पोहोचताच एकदम थांबतो; तेथे गेलेला तपशील कोणत्याही संपादनाने परत येत नाही. याउलट छायेतील तपशील हळूहळू गोंगाटात बुडतो आणि पुष्कळसा वर काढता येतो. ऋण फिल्मच्या काळी छायेकडे पाहून उद्‌भासन ठरवीत. त्या सवयीच्या नेमके उलट हे तंत्र आहे. चौदा-बिटी नोंदीत १६,३८४ पातळ्या असतात व त्यांपैकी ८,१९२ सर्वांत वरच्या एका स्टॉपच्या वाट्याला येतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

संयोगाची कल्पना जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० नंतरच्या दशकात समुद्र व आकाश यांसाठी वेगवेगळ्या ऋण काचा वापरून एक चित्र छापले. विसाव्या शतकात चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांच्या चित्रणासाठी भिन्न संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म तयार केली. स्टीव्ह मान व रोझालिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये, तर पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये अंकीय प्रतिमांवरून दृश्याच्या खऱ्या दीप्तींचा नकाशा काढण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. या नकाशाचा पल्ला कागदावर वा सामान्य पडद्यावर मावत नाही. तो दाबून बसविण्याच्या क्रियेस छटा-रूपांतर म्हणतात. संयोग आणि छटा-रूपांतर या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एचडीआर चित्रांना जो भडकपणाचा दोष देतात, तो बहुधा दुसरीचा असतो.

या निवडीचे महत्त्व त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत विशेष जाणवते. येथील भित्तिचित्रांच्या नोंदींचा इतिहास हानीचा आहे. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत, तर जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२–८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेने केलेल्यांपैकी अनेक १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. गुलाम याझदानी यांचा छायाचित्रयुक्त ग्रंथ १९३०–५५ या काळात चार भागांत निघाला. पुढे बिनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास लेण्यांतील अत्यल्प प्रकाशातच या चित्रांचे रंगीत चित्रण केले. मूळ चित्रांचा ऱ्हास थांबलेला नसल्याने आजचे छायाचित्र उद्या तुलनेचा पुरावा ठरते.

चित्रित लेण्यांत क्षणदीप्तीस (फ्लॅशला) बंदी आहे. अंधार पाहून पुष्कळजण तेथे संयोगाकडे वळतात. पण पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या भिंतीवर मंद का होईना, सारखा प्रकाश असेल, तर तिचा पल्ला ५–६ स्टॉपच भरतो. तेथे उणीव प्रकाशाची असते, पल्ल्याची नव्हे. भिंतीवर १० लक्स प्रकाश असल्यास छिद्र एफ ८ व संवेदनशीलता १०० यांना सु. १६ सेकंदांचे एकच उद्‌भासन योग्य होय. त्याला तिवई लागते व तिच्यासाठी पुरातत्त्व खात्याची अनुज्ञा घ्यावी लागते. हातात कॅमेरा धरून एफ २·८, संवेदनशीलता ६,४०० व १/३० सेकंद हेही शक्य आहे. परंतु संवेदकावर चौसष्टांश प्रकाश पडत असल्याने संकेत-गोंगाट गुणोत्तर सु. एक-अष्टमांश होते. अशा वेळी समान उद्‌भासनाच्या १६ प्रतिमा जुळवून सरासरी काढली, तर ते चौपट सुधारते. हाही संयोगच आहे, पण तो पल्ल्यासाठी केलेला नसतो. भ्रमणध्वनीतील कॅमेरे एका दाबात पुष्कळदा हेच करतात.

सव्विसाव्या लेण्याची गोष्ट वेगळी. चैत्यगवाक्षातून येणारे ऊन आणि आतील स्तूप एका चौकटीत घ्यावयाचे, तर पल्ला एका उद्‌भासनाबाहेर जातो. येथे कच्च्या स्वरूपातील, तीन ते चार स्टॉप अंतराच्या दोन-तीन प्रतिमा पुरतात. एकेक स्टॉप अंतराने सात-सात चित्रे घेण्याची रीत आठ-बिटी जेपेग प्रतिमांच्या काळातील आहे. छिद्र, केंद्रण व श्वेतसमतोल कायम ठेवून फक्त झडपेचा काळ बदलावा. त्यातही एक मर्यादा उरते : गवाक्षाचा प्रकाश भिंगात विखुरतो आणि त्याचा पातळ पडदा अंधाऱ्या कोपऱ्यावर पडतो. उद्‌भासन कितीही वाढविले तरी हा पडदा जात नाही.

दृश्यात हालचाल असल्यास संयोगाचा उपयोग घटतो. बिडकीनच्या दक्षिणेस पैठणजवळील नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांच्या उडत्या थव्याची दोन उद्‌भासने जुळविल्यास पंखांच्या छायाप्रती उमटतात. त्या काढणारी आज्ञावली त्या भागापुरती एकच प्रतिमा वापरते, म्हणजे तेवढ्या जागी संयोग नसल्यासारखाच असतो. सूर्यास्तासमोरही पक्ष्यांसाठी एकेरी प्रतिमाच घ्यावी व छाया काळ्या राहू द्याव्यात.

नोंदीसाठी केलेल्या चित्रणात स्थानिक छटा-रूपांतर टाळावे. ते शेजारच्या चित्रघटकांतील फरक वाढविते; त्यामुळे जुनी फिकट भेग नवी व खोल भासते, कडांभोवती प्रभावळ उमटते. अजिंठ्यास १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ञांनी लावलेल्या लाखेचा थर पुढे पिवळा पडला. या पिवळेपणाची मात्रा ठरवावयाची, तर रंगाचे मूल्य चित्राच्या सर्व भागांत एकाच नियमाने बदललेले असावे लागते. म्हणून दोन वर्षांच्या चित्रांची तुलना करताना समान प्रकाशात, रंगपट्टीसह घेतलेल्या एकेरी कच्च्या प्रतिमाच घ्याव्यात. संयोग अपरिहार्य असेल तेथे छटा-रूपांतरापूर्वीची जोडलेली प्रतिमा व तिचे सर्व मूळ घटक असे दोन्ही जतन करतात. जोडणीत चूक आढळल्यास ती त्या घटकांवरूनच दुरुस्त करता येते.