न उतरणारा ताप आणि डोक्यातली गाठ

ताप आला की आपण मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणतो, घाम सुटला की कामावर जातो. खाडा परवडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तोच ताप तीन-तीन आठवडे पाठ सोडत नसेल तर?

१९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा तापाची व्याख्या केली. तीन आठवड्यांहून अधिक काळ वारंवार १०१ अंशांच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडणारा ताप. आपल्याकडे त्यामागे पुष्कळदा क्षयरोग निघतो. कधी कर्करोग, कधी संधिवातासारखे विकार. आणि अगदी क्वचित मेंदूतली गाठ.

डोक्यातल्या गाठीने अंग का तापावे? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीरात उष्णता किती ठेवायची, हे तो ठरवतो. इस्त्रीचे बटण बिघडले की ती नको तेवढी तापते, तसेच इथे होते. गाठीचा दाब त्यावर पडला की जंतू नसतानाही ताप चढतो. असा ताप पॅरासिटामॉलला बरेचदा दाद देत नाही.

मात्र नुसत्या तापाने कोणी गाठीची धास्ती घेऊ नये. गाठ सहसा इतर खुणाही दाखवते: सकाळी उठताच डोके ठणकणे, ओकारी, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, फिट येणे. फिट आली की कांदा हुंगवणारे आणि 'बाहेरचे' सांगणारे शेजारी धावतात. त्यांना चहा पाजा, पण रुग्णाला दवाखान्यात न्या. तापासोबत डोके दुखून मान ताठ झाली तर मेंदूज्वर असू शकतो. त्याच दिवशी, लगेच न्या.

स्कॅनवर गाठ दिसली की घरात रडारड सुरू होते. पण क्षयरोगाचीही मेंदूत गाठ होते आणि ती बरेचदा औषधांनीच विरघळते. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. महिनोन्‌महिने, न चुकता घ्यावी लागतात. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. रेशनकार्ड सोबत ठेवावे.

झटपट बरे करणाऱ्या इंजेक्शनात कधी स्टेरॉइड असते. त्याने ताप उतरतो, काही गाठीही तात्पुरत्या आक्रसतात आणि निदान लांबते. म्हणून इंजेक्शन कशाचे, ते चिठ्ठीवर लिहून मागा. आणि ताप सकाळ-संध्याकाळ मोजून मुलांच्या जुन्या वहीत तारखेसह लिहा. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.