सामाईक वर्कशॉपमधील बेल्ट सँडर : दांडा घासताना घ्यावयाची काळजी



गळीत हंगाम जवळ आला की खोरी, टिकाव, कुऱ्हाडी बाहेर निघतात. पाते चांगले असते, दांडा मात्र गेलेला असतो. कोणी शहागंजला बाजाराला आला की तयार दांडा घेऊन जातो, तर कोणी बांधावरच्या बाभळीचा तासून घेतो. तो गुळगुळीत करायला सामाईक वर्कशॉपमध्ये बेल्ट सँडर असला तर काम झटक्यात होते. दोन रुळांवर फिरणारा पॉलिश पेपरचा पट्टा, एवढेच हे यंत्र. दिसायला साधे, म्हणूनच माणूस गाफील राहतो.

घरचे यंत्र आणि दहाजणांचे यंत्र यात फरक आहे. आपल्या आधी त्यावर कोणी काय घासले, हे आपल्याला ठाऊक नसते. समजा, सकाळी एकाने दांडा घासला. बारीक भुसा यंत्राच्या पोटात आणि धुळीच्या पिशवीत साठला. दुपारी दुसरा कोयता घेऊन आला. लोखंडाची ठिणगी त्या भुशात पडली तरी लगेच जाळ दिसत नाही. ती आत धुमसत राहते आणि सगळे कुलूप लावून घरी गेल्यावर पेट घेते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, लाकडाचे यंत्र लाकडालाच ठेवावे. कोयता त्यावर नेऊच नये. (शिवाय पट्ट्यावर पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते. मग धार कशी टिकणार?) एकच यंत्र असेल तर लोखंड घासण्याआधी पिशवी काढून सगळा भुसा झाडून घ्यावा, आणि काय घासले ते फळ्यावर खडूने लिहावे.

दुसरा धोका विजेचा. वीज गेली की आपण बटण तसेच ठेवून चहाला जातो. वीज येते तेव्हा यंत्रावर वाकलेला असतो दुसराच! वीज जाताच बटण बंद करून प्लग काढावा. पट्टा बदलतानाही तेच. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असतो, त्याच दिशेने तो फिरला पाहिजे. उलटा बसला तर जोड उकलून पट्टा तुटतो. आधी हाताने फिरवून पाहावे.

उपरणे, धोतराचा सोगा, लोंबता पदर, मोकळे केस यंत्राजवळ नकोत. हातमोजेही नकोत, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालू यंत्रावर काम करणाऱ्याने घट्ट कपडे घालावेत, असे कलम होते. ते उगाच नव्हते. दांडा नेहमी आधारपट्टीला टेकवून धरावा. आधारपट्टी आणि पट्टा यांत बोट जाईल एवढी फट असेल तर यंत्र चालूच करू नये.

धुळीचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क आणि चष्मा वापरावा.

पट्टा फाटलेला दिसला तर चिकटवून चालवू नये. प्लग काढून, यंत्रावर 'बंद' अशी पाटी अडकवून वर्कशॉप सांभाळणाऱ्यास लगेच कळवावे.