संग्रहालयातील लेखणी आणि पाहुण्याचा हक्क

वस्तुसंग्रहालयात गेलेला सामान्य माणूस काय घेऊन परततो? दुखरे पाय आणि चार अर्धवट वाचलेल्या पाट्या! काचेपलीकडची वस्तू बोलत नाही आणि पाटी विद्वानांच्या भाषेत असते. एकमेकांशी जोडलेली नवी उपकरणे ही स्थिती बदलू शकतात. मात्र ती कोणाच्या सोयीची, हे आम्ही विचारलेच पाहिजे.

न्यूयॉर्कचे कूपर ह्यूइट संग्रहालय पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या वाड्यात आहे. मार्च २०१५ पासून तेथे पाहुण्यांना तिकिटासोबत एक इलेक्ट्रॉनिक लेखणी मिळू लागली. पाटीवरील खुणेला तिचे टोक टेकवले की त्या वस्तूची नोंद लेखणीत होई. दुसऱ्या टोकाने टेबलावरील मोठ्या पडद्यावर चित्र काढता येई. तिकिटावर छापलेल्या पत्त्यावरून, टिपलेले सारे घरी संगणकावर पुन्हा पाहता येई. खिशात महागडा फोन हवा, ही अट नव्हती. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हेच.

ऑस्ट्रेलियातील होबार्टचे मोना संग्रहालय २०११ साली उघडले. तेथे भिंतींवर पाट्याच लावल्या नाहीत. पाहुणा कोठे उभा आहे हे हातातले उपकरण ओळखी आणि जवळच्या कलाकृतींची माहिती देई. सोय मोठीच. पण जे यंत्र वाट दाखवते, ते वाटचालही टिपू शकते. कोण कोणत्या दालनात किती वेळ थांबला, यावरून त्याच्या आवडीचा, विचारांचा, श्रद्धेचाही अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. तेव्हा आपल्या संग्रहालयांत अशी उपकरणे आणताना तीन अटी घातल्याच पाहिजेत. पहिली, उपकरण तिकिटासोबत सर्वांना मिळावे. दुसरी, माहिती सोप्या मराठीत ऐकू यावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वस्तूची कथा कळेल. तिसरी, नाव वा फोन क्रमांक न मागता नोंद व्हावी आणि ठरलेल्या मुदतीत ती पुसली जावी.

सरकारी संग्रहालये जनतेच्या पैशावर चालतात. म्हणून या अटी निविदेतच लिहिल्या गेल्या पाहिजेत. यंत्रे बसल्यावर तक्रार करून काय उपयोग?