एका यंत्रात अनेक यंत्रे

संगणकासारख्या विषयावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो याचे काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. आमचे शाळेतील शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते उद्यमनगरातील फौंड्रीत, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. शिवाय कामगार चळवळ आणि संगणक यांचे नाते पूर्वीपासून फारसे गोडीचे नाही. साठीच्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी संगणक बसविण्यास कडवा विरोध केला होता, आणि बँकांत यंत्रे किती व कशी यावीत याचा करार १९८३ साली संघटनांशी वाटाघाटी करूनच झाला. ती भीती खुळी होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण येथे सांगावयाची हकीकत वेगळी आहे. एका कामगाराच्या हक्काचा पुरावाच संगणकात अडकला होता, आणि तो बाहेर काढण्यासाठी आम्हांस ‘व्हर्च्युअल मशिन’ म्हणजे आभासी यंत्र ही वस्तू शिकून घ्यावी लागली.

आमचा एक सभासद एका फौंड्रीत मोल्डर होता. २००२ साली तो कामास लागला व २०१९ साली सुटला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षास पंधरा दिवसांचा पगार द्यावयाचा, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. त्याचा शेवटचा पगार महागाई भत्त्यासह १३,००० रुपये. म्हणजे वर्षाला ७,५०० प्रमाणे सतरा वर्षांचे १,२७,५०० रुपये झाले. मालकाचे म्हणणे असे की हा माणूस २००९ साली लागला, सबब दहाच वर्षे धरावीत, म्हणजे ७५,०००. मधले ५२,५०० रुपये कोठे गेले? ते गेले हजेरीपत्रकात नसलेल्या सात वर्षांत. त्या सात वर्षांचा पुरावा आमच्या वर्गणीच्या पावत्यांत होता, कारण पावतीवर कारखान्याचे नाव लिहिण्याची आमची शिस्त आहे. पण जुनी पावतीपुस्तके शुक्रवार पेठेतील एका घरी ठेवलेली होती, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचा लगदा झाला.

राहिले सभासदांचे रजिस्टर. ते २००१ पासून आम्ही एका सेकंडहँड संगणकावर ठेवीत होतो. डॉसवर चालणारा लहानसा प्रोग्राम एका ओळखीच्या मुलाने लिहून दिला होता, आणि नोंदी तो स्वतःच्याच पद्धतीने साठवी. दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामने ती फाइल उघडली तर नुसती रांगोळी दिसे. २०१२ साली आम्ही नवी पद्धत सुरू केली आणि जुना संगणक कपाटात गेला. २०२४ च्या पावसाळ्यात तो बाहेर काढला तेव्हा पंखादेखील फिरेना. आतली डिस्क मात्र शाबूत निघाली. दुसऱ्या एका डिस्कवर मालकाशी झालेला जुना पत्रव्यवहार होता. तो विंडोज एक्सपीवर, त्या वेळच्या मराठी फाँटात टाइप केलेला होता.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाचे लोखंड आणि त्यावर काम करणारे प्रोग्राम यांच्यामध्ये एक मुकादम असतो. कोणाला यंत्र केव्हा मिळेल, माल कोठे ठेवावयाचा, कोणाची पाळी संपली, हे सर्व तोच ठरवितो. यालाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. डॉस, विंडोज, लिनक्स हे असे वेगवेगळे मुकादम होत. प्रोग्राम हा कामगार आपल्या मुकादमाचीच बोली जाणतो, दुसऱ्याच्या हाताखाली तो हात हलवीत नाही. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालतच नाहीत. एकाच यंत्रावर दोन मुकादम ठेवता येतात, पण पाळीपाळीने. एकाला घरी पाठवावयाचे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावयाचे आणि मग दुसऱ्यास बोलवावयाचे. शिवाय जुन्या मुकादमास नवे लोखंड ओळखता येत नाही, तो दारातूनच परत जातो.

आभासी यंत्राची युक्ती अशी की, पहिल्या मुकादमाच्या शॉपमध्येच दुसऱ्यासाठी एक लटके शॉप उभे करावयाचे. त्या शॉपमध्ये प्रोसेसर, स्मरण, डिस्क, पडदा, सर्व काही असल्याचे त्यास दिसते. वस्तुतः त्याची डिस्क म्हणजे पहिल्याच्या गोदामातील एक मोठी फाइल असते आणि त्याचा पडदा म्हणजे एक खिडकी. पहिल्यास यजमान म्हणतात व दुसऱ्यास पाहुणा. आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याच्या गावीही नसते. संसारात असे पाहुणे पुष्कळ भेटतात, पण येथे ती सोय आहे!

ही कल्पना काल-परवाची नाही. अमेरिकेत केंब्रिज येथील आय.बी.एम.च्या केंद्रात १९६७ च्या सुमारास ‘सीपी-४०’ व त्यामागून ‘सीपी-६७’ या व्यवस्था चालू झाल्या. त्या वेळी एक संगणक म्हणजे एका कारखान्याची किंमत. तेव्हा एकाच यंत्राचे असे तुकडे पाडावेत की प्रत्येक माणसास पूर्ण यंत्र आपल्यालाच मिळाले असे वाटावे, हा हेतू. १९७२ साली आय.बी.एम.ने तो ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आणला. दोन वर्षांनी पोपेक व गोल्डबर्ग या दोघा अभ्यासकांनी त्याच्या कसोट्या मांडल्या. पाहुण्याचे काम खऱ्या यंत्रावर होते तसेच झाले पाहिजे, बहुतेक आज्ञा मध्ये कोणी न येता थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, आणि लोखंडावरचा ताबा मात्र पर्यवेक्षकाचाच राहिला पाहिजे.

यातली तिसरी कसोटी कठीण आहे. बेरीज-वजाबाकी पाहुण्याने खुशाल करावी. पण ‘यंत्र थांबवा’, ‘स्मरणाची वाटणी बदला’ असा हुकूम त्याने सोडला तर तो मध्येच अडवून पर्यवेक्षकाकडे गेला पाहिजे. नाहीतर एका पाहुण्याच्या हुकमाने सारा कारखाना बंद पडावयाचा. मेजावरच्या साध्या संगणकांच्या प्रोसेसरमध्ये खोट होती ती नेमकी येथे. काही हुकूम असे होते की ते पाहुण्याने सोडले तर अडतही नसत आणि नीट पाळलेही जात नसत, गुपचूप वेगळेच उत्तर येई. पेंटियम प्रोसेसरात असे सतरा हुकूम असल्याचे २००० साली मोजून दाखविले गेले. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने यावर तोड काढली ती अशी की, पाहुण्याची आज्ञापत्रे आधीच वाचावयाची, धोक्याचे हुकूम तेवढे बदलावयाचे आणि मग पुढे जाऊ द्यावयाचे. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि ए.एम.डी. या दोन्ही कंपन्यांनी प्रोसेसरातच ही सोय केली, आणि काम पुष्कळ सुकर झाले. इंटरनेटवरून तासाच्या भाड्याने मिळणारे जे संगणक, ज्यास ‘क्लाउड’ असे मोठे नाव आहे, तेही बहुतांशी आभासी यंत्रेच होत. रोजंदारीवरचा बदली कामगार, दुसरे काय!

आम्ही घेतले ते ‘व्हर्च्युअलबॉक्स’. इनोटेक या जर्मन कंपनीने ते २००७ साली लोकांस खुले केले. पुढे ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० मध्ये सन ही ओरॅकलकडे गेली. त्याचा मुख्य भाग विनामूल्य मिळतो, आणि आमच्या कचेरीस हे महत्त्वाचे. यजमान म्हणून लिनक्स, आठ जीबी स्मरणाचा जुना पण धडधाकट संगणक, आणि शिकविण्यास आमच्याच एका मोल्डरची मुलगी. ती संगणकाचा डिप्लोमा करते.

पहिल्या दिवशी पाहुणा उंबऱ्यावरच अडला. यंत्र बिघडले असे समजून आम्ही स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “काका, मशिन चांगलं आहे. आतलं एक बटण बंद आहे.” संगणक चालू होताना जी मूळ मांडणी दिसते, तीत प्रोसेसरची ती २००५ नंतरची सोय पुष्कळ यंत्रांत बंद करून ठेवलेली असते. ती चालू करताच काम झाले. दुसरी फजिती माउसची. पाहुण्याच्या खिडकीत टिचकी मारली की बाण आतच कोंडला जाई आणि काही केल्या बाहेर येईना. उजव्या हाताकडील कंट्रोलची कळ दाबली की तो सुटतो, हे कळण्यास आमची अर्धी सकाळ गेली.

एक्सपीची चकती आम्ही पूर्वी पेटीबंद विकत घेतलेली होती. येथे सांगून ठेवतो की संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच संगणकापुरता असतो, तो उचलून दुसरीकडे लावता येत नाही. एक्सपीस आम्ही ५१२ एमबी स्मरण दिले आणि त्यात तो सुखाने राहिला. हुरूप येऊन आम्ही पुण्याच्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्सही एका खिडकीत लावून पाहिली आणि तिसऱ्या खिडकीत विंडोज १०. तिघे एकदम चालू केले, आणि सर्वच जण मुंगीच्या पावलाने चालू लागले. लेथ एकच असला तर तीन पाळ्यांचे कामगार एका वेळी उभे करून काम तिप्पट होत नाही. आभासी यंत्र नवे लोखंड निर्माण करीत नाही, असलेले वाटून देते.

दोन गोष्टींत मात्र आम्हांस या वस्तूचे फार कौतुक वाटले. एक म्हणजे ‘स्नॅपशॉट’. फौंड्रीत पॅटर्न जपून ठेवला की साचा कितीदा मोडला तरी चिंता नसते, तद्वत् पाहुण्याची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवता येते. मग खुशाल प्रयोग करावा आणि बिघडले तर मागे यावे. आम्ही चार वेळा मागे आलो. दुसरी गोष्ट अशी की, पाहुण्याच्या इंटरनेटची तार एका खुणेने तोडता येते. एक्सपीची डागडुजी कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, आणि डागडुजी न झालेल्या संगणकांचे काय होते ते मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’च्या साथीत जगाने पाहिले. म्हणून आमचा एक्सपी खोलीत कोंडून असतो.

पत्रव्यवहार उघडण्यास जुना मराठी लिपीसंच एक्सपीत बसवावा लागला. त्यास यूएसबीचे एक लहान कुलूप असते, ते लावल्याशिवाय तो अक्षर उमटवीत नाही. तेही पाहुण्याच्या हवाली करता येते. हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत, आणि प्रत्येक विक्रेत्याची बसवणूक निराळी. युनिकोडने देवनागरीस स्वतःचे क्रमांक १९९१ सालीच दिले, पण आमच्यासारख्यांच्या कचेऱ्यांत ते यावयास पुढे कितीतरी वर्षे गेली. जुने लेखन नव्यात पालटणारे प्रोग्राम आहेत, परंतु जोडाक्षर आणि रफार यांत ते अडखळतात. कज्जाच्या कागदात रफार सरकलेला चालत नाही. आमच्या २००५ च्या एका पत्रात त्या मोल्डरचे नाव निघाले आणि आम्हांस धीर आला.

खरे रजिस्टर मात्र हटून बसले. एक्सपीत डॉसचा प्रोग्राम चालावयास हवा. पण तो सुरू होताच ‘शून्याने भागाकार’ अशी तक्रार करून बंद पडे. कारण ऐकून आम्ही थक्क झालो. पास्कल भाषेत लिहिलेले त्या काळचे कित्येक प्रोग्राम आरंभी यंत्राचा वेग मोजीत. घड्याळाच्या एका टोल्यात किती फेऱ्या होतात ते पाहावयाचे आणि भागाकार करावयाचा. नव्या यंत्रात फेऱ्या इतक्या होतात की उत्तर नेमलेल्या जागेत मावत नाही, आणि प्रोग्राम प्राण सोडतो. कामगार काम जाणतो, पण पट्टा फार वेगाने फिरतो, असा हा प्रकार. आभासी यंत्राचा येथे उपयोग नव्हता, कारण ते पाहुण्याच्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर, खऱ्याच वेगाने चालू देते. उपयोगी पडला तो ‘डॉसबॉक्स’ हा एम्युलेटर. हा तमाशातील सोंगाड्याच्या जातीचा. तो जुन्या यंत्राचे सोंग नखशिखान्त घेतो आणि प्रत्येक आज्ञा स्वतः करून दाखवितो. म्हणून तो मंद असतो, आणि किती मंद असावे हे आपण ठरवितो. मुलीने वेग उतरवीत आणला आणि एका जागी रजिस्टर उघडले.

एक खबरदारी आम्ही वकिलांच्या सांगण्यावरून घेतली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुरावा म्हणून देताना तिचा ‘हॅश’, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, प्रमाणपत्रात द्यावा लागतो. एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. म्हणून जुन्या डिस्कची प्रथम हुबेहूब प्रत घेतली, ठसा काढून लिहून ठेवला, आणि वर सांगितलेले सर्व प्रयोग प्रतीवर केले. मूळ डिस्क कापडात बांधून कपाटात आहे.

सभासदास बोलावून पडद्यावर त्याची २००२ सालची पहिली पावती दाखविली. कारखान्याचे नाव होते, तारीख होती, वर्गणीची रक्कम होती. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “पण आडनाव चुकलंय की हो.” खरेच, नोंदणाऱ्याने रोमन लिपीत एक अक्षर गाळले होते, आणि आधार कार्डावरील नावाशी ते जुळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या एका अक्षराचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी त्याला घेऊन वकिलांकडे गेलो.